मुलाखतीत फुकट काम करून घेत असतील तर

मुलाखतीत 'थोडं काम करून दाखवा' म्हणणं बेकायदा नाही. चाचणीच्या नावाखाली रोजचं काम उरकून घेतलं, की मोबदल्याचा कायदा लागू होऊ शकतो. तुम्ही आला नसतात तर ते काम पगारी माणसाला करावं लागलं असतं का? उत्तर 'हो' असेल, तर मोबदल्याची तुमची मागणी भक्कम आहे.

ऑस्ट्रेलियात कौशल्य तपासण्यापुरती, फार तर एका शिफ्टची चाचणी बिनपगारी चालते. तीही कुणीतरी पूर्णवेळ देखरेख करत असेल तरच. एकट्याला काउंटरवर उभं केलं, तर तपासणी करतंय कोण? ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनानुसार एका दिवसाहून लांबलेल्या चाचणीला अगदी क्वचित अपवाद सोडता किमान वेतन लागू होतं. 'पगार नको' असं तुमच्याकडून लिहून घेतलं, तरी या दोन्ही देशांत किमान वेतनाचा हक्क जात नाही. अशा कागदाला घाबरून गप्प बसू नका.

होकार देण्याआधी ईमेलवर विचारा: किती तास, काय काम, तपासणार कोण, पैसे किती. फोनवर ठरलं असेल तर 'आपलं असं बोलणं झालं' एवढं त्याच दिवशी लिहून पाठवा. दावे इथेच फसू शकतात, कारण काम झालेलं असतं पण त्याचा पुरावा नसतो. चाचणीच्या दिवशी आल्या-गेल्याची वेळ आणि केलेलं काम टिपून ठेवा, मेसेज पुसू नका.

डिझाइन, लेखन, कोडिंगची चाचणी घरी करायला देतात, तिथे धोका वेगळा: नोकरी मिळत नाही आणि काम मात्र वापरलं जातं. खऱ्या ग्राहकाचं काम दिलं, तर काल्पनिक विषय मागा. डिझाइन वॉटरमार्क टाकून, कमी रिझोल्यूशनमध्ये द्या, मूळ फाइल देऊ नका. तुम्ही कर्मचारी नसता, त्यामुळे लेखी हस्तांतर केलं नसेल तर कॉपीराइट सहसा तुमचाच राहतो. म्हणून चाचणीच्या फॉर्ममधल्या अटी वाचल्याशिवाय 'मान्य' दाबू नका.

पैसे अडले, तर तास गुणिले किमान वेतन असा हिशेब मांडून लेखी मागणी करा, उत्तराला तारीख द्या. उत्तर आलं नाही, तर ऑस्ट्रेलियात फेअर वर्क ओम्बड्समन (कामगार हक्कांचं सरकारी कार्यालय), ब्रिटनमध्ये एकॅस (नोकरीतले वाद मिटवायला मदत करणारी संस्था), अमेरिकेत वेज अँड अवर डिव्हिजन (कामगार खात्याचा वेतन विभाग) यांची मदत विनाशुल्क मिळते. दाव्याला मुदत असते, ती आधी विचारून घ्या.