स्फटिकांवरून शिलारसाची खोली काढताना या चुका टाळा

प्राचीन ज्वालामुखीचा शंकू केव्हाच झिजून गेलेला असतो. त्याच्या पोटात काय चाललं होतं हे सांगायला उरतात लाव्ह्यातले स्फटिक. त्यांची साक्ष घाईने घेतली की आकडे देखणे येतात, पण निष्कर्ष फसतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे खडकातला प्रत्येक स्फटिक त्याच शिलारसात (मॅग्मात) वाढला असं धरून चालणं. क्लिनोपायरॉक्सिन या खनिजाचं आणि, द्रवाच्या जागी, अख्ख्या खडकाचं रसायन सूत्रात घातलं की तापमान आणि दाब (त्यावरून खोली) मिळतातच. ही जोडी खरंच एकमेकांची आहे का, हे सूत्र विचारत नाही. कित्येक स्फटिक आधीच्या शिलारसातून किंवा भोवतालच्या खडकातून उचलून आणलेले असतात. म्हणून लोह-मॅग्नेशियमच्या वाटणीचा गुणांक, म्हणजे स्फटिक आणि द्रव यांच्यात ही दोन मूलद्रव्यं कशी विभागली जातात तो आकडा, आधी पाहा. ऑलिव्हिन हे खनिज आणि द्रव यांच्यात तो साधारण 0.30 असतो, तर क्लिनोपायरॉक्सिनसाठी 0.28 च्या आसपास. तो जुळला तरी एवढ्यावर विसंबू नका, सोडियम आणि ॲल्युमिनियमही ताडून बघा. खडकात स्फटिक साचलेले असतील तर त्याचं रसायन मुळात द्रवाचं नसतंच.

गाभा आणि कडा यांची सरासरी काढू नका. प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार खनिजात मधेच कॅल्शियम वाढलेला पट्टा दिसला की ‘नवा तप्त शिलारस आला’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण पाण्याचं प्रमाण वाढल्यानेही तसा पट्टा उमटतो. त्याच पट्ट्यात लोहही वाढलं असेल, तर नव्या शिलारसाची बाजू भक्कम होते. ऑलिव्हिनमधले लोह-मॅग्नेशियमचे पट्टे मात्र विसरणाने (अणू सरकून पसरल्याने) लवकर पुसट होतात, त्यामुळे दोन्ही खनिजांना एकाच मापाने मोजू नये.

जुन्या खडकात आणखी एक धोका असतो: मूळ खनिजं नंतर बदललेली असतात. प्लॅजिओक्लेजचं अल्बाइट झालेलं असतं, ऑलिव्हिनच्या जागी सर्पेंटाइन आलेलं असतं. पायरॉक्सिनमध्ये 6 ऑक्सिजनमागे धनायनांची (धनभारित अणूंची) बेरीज 4 च्या जवळ येत नसेल, तर ते विश्लेषण बाजूला ठेवा. मायक्रोप्रोबचा (स्फटिकाचं रसायन मोजणाऱ्या उपकरणाचा) इलेक्ट्रॉन-झोत फार बारीक ठेवला तर फेल्डस्पारमधलं सोडियम मापन चालू असतानाच सरकतं, म्हणून झोत थोडा पसरवा.

आणि खोली सांगताना त्रुटी लपवू नका. 1 किलोबार दाब म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटर खोली. दाबमापकाची (स्फटिकांवरून दाब काढणाऱ्या सूत्राची) त्रुटी बहुधा 2 ते 3 किलोबार असते. अशा वेळी 12 आणि 15 किलोमीटरवर दोन वेगळे साठे दाखवणारी आकृती काढायला आधारच उरत नाही.