क्लायंटचं काम धरण्याआधीची तयारी: आधी मंजुरीचा माणूस ठरवा

लॅपटॉप, इंटरनेट, युनिकोड कीबोर्ड हे सांगत बसत नाही. फ्रीलान्स कॉपी (म्हणजे जाहिरातीचा मजकूर) आणि संपादनात खरी तयारी असते ती होकार देण्याआधीची, आणि त्यात पहिलं कलम एकच: मजकुराला शेवटची मंजुरी कोण देणार, त्या माणसाचं नाव लेखी घ्या. मागच्या वेळी हेच राहिलं म्हणून ही यादी.

कोल्हापुरातले बरेचसे धंदे घरचे. शोरूमचं काम धाकटा मुलगा देतो, व्हॉट्सॲपवर ‘एक नंबर, फायनल’ तोच लिहितो, आणि माहितीपत्रक छापून आलं की थोरले काका चष्मा लावून पहिल्यांदा वाचायला घेतात. माझ्या वेळी काकांचं बरोबरच होतं. दुकान पत्रकात छापलं तसं आजोबांनी नव्हे, पणजोबांनी काढलेलं. पण गठ्ठे छापून झाले होते, फेरछपाईचा खर्च कुणी सोसायचा यावर गाडं अडलं आणि त्यात माझं निम्मं बिल गेलं. तेव्हा कोटेशनमध्येच ओळ टाका: ‘अंतिम मंजुरी अमुक यांची, त्यानंतरचे बदल वेगळ्या दराने.’ अमुक म्हणजे एकच माणूस. ‘आम्ही घरात बघतो की’ हे उत्तर धरू नका. समोरचा ओळखीचा असतो, चहा आलेला असतो, विचारायला जड जातं. तरी विचारा.

दर शब्दावर की कामावर ते ठरवा, निम्मी रक्कम आगाऊ घ्या, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन. पुढे.

संपादनाचं काम असेल तर नुसतं मुद्रितशोधन हवंय की वाक्यं नव्याने बांधायची आहेत, हे आधी दोन पानं करून दाखवून ठरवा. ‘केले’ की ‘केलं’, आकडे मराठी की इंग्रजी, दुकानाचं नाव पाटीवर जसं आहे तसं, हे एका कागदावर उतरवा. शुद्धलेखनाला साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेतच, पण कुणाचं आडनाव नियमाने सुधारायला जाऊ नका.

माहिती क्लायंटने दिली म्हणून खरी धरायची नाही. चपलांचं काम आलं की ‘फक्त कोल्हापुरातच बनते’ हे वाक्य हमखास येतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यामुळे ते वाक्य काढा. कोल्हापुरी गुळाला हे मानांकन २०१४ पासून आहे, पण पाकिटावर ते मिरवायचं तर उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला लागतो. नोंदणीचा कागद मागा. तेल-चूर्णवाला ‘मधुमेह बरा होतो’ लिहायला सांगेल. नाही लिहायचं. औषधं आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यात त्याला बंदी आहे. शिरोलीच्या फौंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, काम असेल तर शेडमध्ये एक चक्कर माराच. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न हे ओतीव लोखंडाचे दोन वेगळे प्रकार एकच समजून लिहिलेत तर खरेदी अधिकारी पुढचं वाचणार नाही. पॅटर्न, कोअर, मोल्ड हे शब्द तसेच ठेवा, त्यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका.

आता प्रेस. तुमचा युनिकोड मजकूर कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जाताना अनेकदा युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये बदलला जातो, आणि तिथे घात होतो. ‘दुसऱ्या जोडीवर सूट’ मधला ‘ऱ्या’ मोडतो, ‘वर्ष’चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच चिन्ह येतं. फाइल बरोबर होती म्हणून छपाई बरोबर होईल असं नाही. डीटीपी झाल्यावरची पीडीएफ मागवा, कागदावर काढा, पट्टी धरून ओळ-ओळ वाचा. फोन नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचा. मग ती पीडीएफ मंजुरीला पाठवा, आणि कुणाला पाठवायची? कोटेशनमध्ये नाव आहे त्यालाच. धाकट्याला नाही, मॅनेजरला नाही. फोनवरचा ‘चालतंय’ धरू नका. मेलवर नाहीतर निदान मेसेजमध्ये ‘छापायला हरकत नाही’ एवढं त्याच माणसाकडून लिहून येईपर्यंत प्रेसला फाइल सोडू नका. दिवाळी तोंडावर असली, प्रेसवाला घाई करत असला, तरी नाही.

पैशांचं उरकतो. पॅन बिलावर छापा. कंपन्या व्यावसायिक शुल्कावर १० टक्के टीडीएस कापतात, तो आयकर पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतोय का ते बघा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. ती असली की लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याने क्लायंटला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. कॉपीराइट लेखी दिल्याशिवाय लिहिणाऱ्याकडेच राहतो, तेव्हा हस्तांतर ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर’ असं लिहा. सेवांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. बिल काम दिलं त्याच दिवशी पाठवा आणि मंजुरीचा मेसेज त्याला जोडा.