शेअर केलेले फोल्डर दुसऱ्या संगणकावर उघडत नसेल तेव्हा

घरातल्या एका संगणकावर फोल्डर शेअर करावे, दुसऱ्या संगणकावर ‘नेटवर्क’ उघडून पाहावे आणि तिथे काहीच दिसू नये, असे झाले की बहुतेक जण लगेच सेटिंग बदलायला घेतात. फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी संरक्षक व्यवस्था) बंद होते, पासवर्डचे संरक्षण काढले जाते, फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सर्वांना, पूर्ण परवानगी दिली जाते. तासाभराने फोल्डर उघडलेच, तर ते कशामुळे उघडले हे कळत नाही. आणि नाही उघडले, तर मूळ दोषात आपल्याच चार बदलांची भर पडलेली असते. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी अडचण नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे ते शोधावे. दुसरा संगणक पहिल्यापर्यंत पोहोचतच नाही, पोहोचतो पण दार बंद आहे, दार उघडे आहे पण ओळख पटत नाही, की ओळख पटूनही फोल्डर पाहण्याची परवानगी नाही, हे चार प्रश्न याच क्रमाने तपासायचे असतात. पुढील विवेचन मुख्यतः विंडोज १० आणि ११ साठी आहे. ज्या संगणकावर फोल्डर आहे त्याला मी यजमान म्हणेन. आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली असली तरी संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची आहेत.

पहिली चाचणी: नावाऐवजी पत्ता

यजमान संगणकावर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी आणि ‘आयपीव्ही४ अॅड्रेस’ या ओळीतला आकडा टिपून घ्यावा. तो १९२.१६८.१.७ असा काहीतरी असेल. आता दुसऱ्या संगणकावर विंडोजची कळ दाबून धरून आर दाबावे आणि उघडलेल्या चौकटीत \\१९२.१६८.१.७ असे लिहून एंटर करावे. शेअर केलेली फोल्डरे दिसली आणि उघडली, तर जोडणी, फायरवॉल, पासवर्ड आणि परवानगी या चारही गोष्टी ठीक आहेत आणि दोष फक्त नाव शोधण्यात आहे, असे एका फटक्यात सिद्ध होते. माझ्या मते या एका चाचणीइतके उपयोगी दुसरे काही नाही, आणि तरीही ती सर्वांत शेवटी केली जाते.

‘नेटवर्क’मधली यादी रिकामी असणे हा फाइल शेअरिंगचा दोष मानू नये. पूर्वी ही यादी तयार करणारी सेवा एसएमबी१ या फाइल शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलवर (संगणकांच्या आपसांतल्या संवादाच्या नियमावर) अवलंबून होती. मे २०१७ मध्ये पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने त्याच प्रोटोकॉलमधील त्रुटीचा फायदा घेतला होता, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्या संगणकांवर एसएमबी१ मुळात बसवलेच जात नाही. जुने लेख वाचून ते पुन्हा सुरू करण्याच्या फंदात पडू नये. आता यादी वेगळ्या पद्धतीने तयार होते. त्यासाठी यजमानावर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ आणि ‘फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट’ या दोन सेवा सुरू आहेत ना ते पाहावे आणि पहिल्या सेवेचा ‘स्टार्टअप टाइप’ ‘ऑटोमॅटिक’ करावा. ‘होमग्रुप’ शोधत बसू नये. ती सोय २०१८ साली १८०३ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली.

खरे तर या यादीशी झगडण्यापेक्षा पत्त्यानेच काम करणे सोयीचे असते. मात्र राउटर हे पत्ते तात्पुरते देत असल्याने आजचा ७ उद्या १२ होऊ शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तत्सम नावाची सोय असते. तिथे यजमानाचा पत्ता कायम करावा आणि मग दुसऱ्या संगणकावर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ वापरून फोल्डरला ड्राइव्हचे अक्षर द्यावे.

पत्त्यानेही उघडत नसेल तर

आता दुसऱ्या संगणकावरही ‘आयपीकॉन्फिग’ चालवावे आणि दोन्ही पत्ते शेजारी ठेवून पाहावेत. घरगुती राउटरवर सहसा पहिले तीन आकडे सारखे असतात. एखादा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, म्हणजे आधी त्याची केबल किंवा वायफाय पाहिले पाहिजे.

तिसरा आकडा वेगळा असणे ही जास्त फसवी स्थिती आहे, कारण दोन्ही संगणकांवर इंटरनेट व्यवस्थित चालू असते आणि नेटवर्कवर संशयच येत नाही. मी स्वतः एकदा संपूर्ण संध्याकाळ फोल्डरच्या परवानग्या उलटसुलट करण्यात घालवली. शेवटी असे निघाले की लॅपटॉपने पाहुण्यांसाठीचे ‘गेस्ट’ वायफाय पकडले होते. गेस्ट वायफायचा हेतूच मुळी पाहुण्यांना घरातल्या इतर उपकरणांपासून दूर ठेवणे हा असतो. काही राउटरांमध्ये नेहमीच्या वायफायवरही ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ नावाची सेटिंग चालू असते. तेव्हा पत्ते एकाच मालिकेतले दिसूनही वायफायवरील उपकरणे एकमेकांना दिसत नाहीत. घरात एका राउटरला दुसरा राउटर जोडला असेल, तर आतल्या राउटरवरचा संगणक बाहेरच्यापर्यंत पोहोचतो, पण बाहेरचा आतल्यापर्यंत पोहोचत नाही. फोल्डर एका बाजूने उघडते आणि उलट बाजूने उघडत नाही, असा अनुभव आला तर प्रथम हीच शंका घ्यावी आणि दुसरा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे वेगळे नेटवर्क न बनवता पहिल्याचेच वायफाय पसरवणारा म्हणून, लावावा. व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) चालू असेल तर तपासणीपुरते ते बंद ठेवावे.

पोहोच तपासण्यासाठी लोक ‘पिंग’ (दुसरा संगणक उत्तर देतो का हे पाहणारी आज्ञा) वापरतात, परंतु विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देण्याचे टाळू शकते, त्यामुळे पिंगचे उत्तर आले नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. फाइल शेअरिंग टीसीपीच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून (संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारातून) चालते, तेव्हा तेच दार वाजवून पाहावे. दुसऱ्या संगणकावर पॉवरशेल (आज्ञा देण्याची विंडोजमधील आणखी एक खिडकी) उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, त्यापुढे यजमानाचा पत्ता आणि त्यापुढे ‘-पोर्ट ४४५’ अशी आज्ञा द्यावी. उत्तराच्या शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आले तर दार उघडे आहे; मग फायरवॉलला हात लावण्याचे कारण उरत नाही.

‘फॉल्स’ आले आणि दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर आहेत याची खात्री असेल, तर यजमानाच्या सेटिंगमध्ये चालू जोडणीच्या गुणधर्मांत (‘प्रॉपर्टीज’) जाऊन नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे की ‘पब्लिक’ ते पाहावे. राउटर बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते नवे नेटवर्क असते आणि ते ‘पब्लिक’ म्हणून नोंदले जाऊ शकते. काल चालणारे शेअरिंग आज एकाएकी बंद पडण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. ‘प्रायव्हेट’ निवडून, प्रगत शेअरिंगच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करावे. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असल्यास तिच्यातही घरचे नेटवर्क विश्वासार्ह म्हणून नोंदवावे लागते. फायरवॉल पूर्ण बंद करण्याची गरज या सगळ्यात कुठेही पडत नाही.

पासवर्डची चौकट पुन्हा पुन्हा येते

दार उघडे असून नाव आणि पासवर्ड मागणारी चौकट येते, आपण ते भरतो आणि तीच चौकट पुन्हा समोर उभी राहते. येथे घोळ इतक्या प्रकारांनी होतो की थोडे थांबूनच पाहिले पाहिजे. ही चौकट यजमानावरील खात्याचे नाव आणि पासवर्ड मागत असते. यजमान सुरू करताना आपण जो चार आकडी पिन टाकतो, तो त्या संगणकापुरताच असतो आणि नेटवर्कवरून चालत नाही. खाते मायक्रोसॉफ्टचे असेल तर पूर्ण ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो, जो वर्षानुवर्षे पिन वापरून पुष्कळांच्या विस्मरणात गेलेला असतो. खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज सुरक्षिततेसाठी अशा खात्याला नेटवर्कवरून प्रवेश देत नाही.

या सगळ्यातून सुटण्याचा स्वच्छ मार्ग म्हणजे यजमानावर केवळ शेअरिंगसाठी एक वेगळे स्थानिक खाते तयार करून त्याला चांगला पासवर्ड देणे. समजा यजमानाचे नाव ‘बैठक’ आणि खात्याचे नाव ‘फाइल’ आहे, तर चौकटीत नावाच्या जागी ‘बैठक\फाइल’ असे लिहावे. नुसते ‘फाइल’ लिहिल्यास विंडोज ते खाते भलत्याच ठिकाणी शोधण्याची शक्यता असते. यजमानाचे नाव माहीत नसेल तर त्याच्यावर ‘होस्टनेम’ ही आज्ञा द्यावी.

पूर्वी एकदा चुकीचा पासवर्ड साठवून ठेवला असेल, तर विंडोज तोच गुपचूप पुढे करत राहते. दुसऱ्या संगणकावरील ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खाली यजमानाच्या नावाची आणि पत्त्याची नोंद असल्यास ती काढून टाकावी. एकाच यजमानाशी एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडण्याचा प्रयत्न केल्यास १२१९ क्रमांकाची त्रुटी येते. ‘नेट यूज * /डिलीट’ या आज्ञेने जुन्या जोडण्या तोडाव्यात किंवा सरळ संगणक पुन्हा सुरू करावा.

विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीनंतर काही घरांत जुन्या नेटवर्क डिस्कशी (राउटरला जोडून सर्वांनी वापरायच्या डिस्कशी) असलेला संपर्क तुटला. या आवृत्तीत प्रो प्रकारात पासवर्डविना, ‘गेस्ट’ म्हणून जोडणे मुळातच बंद असते आणि जोडणीवर डिजिटल स्वाक्षरीही मागितली जाते. अशा डिस्कचे फर्मवेअर (तिच्यातले अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत करून तिच्यावर नाव आणि पासवर्ड ठरवावा. विंडोजचे संरक्षण उतरवणे हा उपाय मला पटत नाही.

आत शिरता येते, पण फाइल उघडत नाही

फोल्डरच्या गुणधर्मांत परवानग्या दोन ठिकाणी असतात: ‘शेअरिंग’ टॅबमध्ये आणि ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि त्यांतली अधिक कडक ती चालते. ‘शेअरिंग’मध्ये ‘फुल कंट्रोल’ देऊनही ‘सिक्युरिटी’मध्ये त्या खात्याचे नाव नसेल तर प्रवेश नाकारला जातो. तेव्हा आपण केलेले खाते दोन्हीकडे घालावे. बदल करू द्यायचे असतील तर ‘शेअरिंग’मध्ये ‘चेंज’ आणि ‘सिक्युरिटी’मध्ये ‘मॉडिफाय’ पुरेसे असते. बाकी सगळ्या फाइली उघडतात आणि एखादीच अडते, हा प्रकार बहुधा फाइल हलवल्यामुळे होतो. त्याच ड्राइव्हवरील दुसऱ्या फोल्डरमधून कट करून आणलेली फाइल आपल्या जुन्याच परवानग्या घेऊन येऊ शकते, तर कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. त्या फाइलची एक प्रत करून मूळ फाइल काढून टाकली की प्रश्न मिटतो.

सगळे ठीक असून शेअरिंग मधूनच तुटत असेल, तर यजमान झोपी जात नाही ना ते पॉवरच्या सेटिंगमध्ये पाहावे. यजमान मॅक असल्यास ‘शेअरिंग’मधील ‘फाइल शेअरिंग’च्या पर्यायांत जाऊन संबंधित खात्यापुढे विंडोजसाठीची खूण स्वतंत्रपणे करावी लागते, ती राहिली तर पासवर्ड अचूक असूनही विंडोजवरून प्रवेश मिळत नाही. लिनक्सवर विंडोजशी फाइल शेअरिंग करणारा ‘सांबा’ हा प्रोग्रॅम आपल्या पासवर्डांची वेगळी नोंद ठेवत असल्याने, संगणकाच्या लॉगिनचा पासवर्ड तोच असला तरी तो ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ या आज्ञेपुढे खात्याचे नाव लिहून सांबासाठी पुन्हा एकदा नोंदवावा लागतो.