चार्पी टेस्टमध्ये एकाच प्लेटचे आकडे जुळत नव्हते: माझा अनुभव

चार्पी टेस्ट म्हणजे खाच पाडलेल्या नमुन्यावर जड पेंड्युलम (लंबक) सोडून तो तोडायला किती ऊर्जा लागली ते मोजणं. एकाच स्टील प्लेटचे तीन नमुने, तिन्ही उणे 20 अंशांवर, आणि रीडिंग आलं 34, 61, 92 जूल. पहिल्याचा तुटलेला भाग खडीसाखरेसारखा चमकत होता, तिसऱ्याचा राखाडी आणि तंतुमय.

पेंड्युलम मोकळा सोडून पाहिला, काटा शून्यावरच. नॉच (नमुन्यावरची खाच) प्रोजेक्टरवर 50 पट मोठा करून तपासला: कोन 45 अंश, खोली 2 मिमी, बुडाची त्रिज्या 0.25 मिमी, सगळं बरोबर. दोन आठवडे नुसती डोकेदुखी.

दोष चिमट्यात होता! तो टेबलावर पडलेला असायचा आणि गार नमुना नेमका नॉचपाशी धरायचा, म्हणजे जिथे तडा सुरू होतो तिथेच ऊब लागायची. हे स्टील त्या तापमानाला चिवटपणाकडून ठिसूळपणाकडे वळतं, त्यामुळे चार-पाच अंशांनीही आकडा कुठल्या कुठे जातो.

आता आधी पेंड्युलम उचलून लॉक करतो. नमुने गार अल्कोहोलच्या बाथमध्ये (भांड्यात) जाळीवर, वर-खाली किमान 25 मिमी द्रव राहील असे ठेवतो. चिमट्याचं टोकही त्याच बाथमध्ये बुडवतो. तापमान स्थिरावल्यावर किमान 5 मिनिटं थांबतो. मग नमुना उचलायचा, नॉच आघाताच्या उलट बाजूला आणि आधारांच्या बरोबर मध्ये ठेवायचा, पेंड्युलम सोडायचा. बाहेर काढल्यापासून 5 सेकंदांच्या आत. वेळ चुकली तर नमुना परत बाथमध्ये आणि पुन्हा 5 मिनिटं.

त्याच प्लेटचे पुढचे तीन: 36, 33, 38 जूल.