हिंगणघाटच्या लॅम्बटनचे चरित्र कसे लिहावे

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात इंग्रजी फौजेत दाखल झालेला, 1799 साली टिपू सुलतानाची राजधानी असलेल्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात लढलेला आणि त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे हिंदुस्थानची मोजणी करण्यात घालवलेला हा अधिकारी हैदराबादहून नागपूरकडे जात असताना 20 जानेवारी 1823 रोजी येथे मरण पावला. विदर्भातील स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना त्याच्याविषयी लिहावेसे वाटते, ते स्वाभाविक आहे. मात्र असे चरित्र लिहायला घेणारे बहुतेक जण लढाईपासून सुरुवात करतात आणि लढाईतच अडकून पडतात. मोजणीचा भाग शेवटच्या दोन परिच्छेदांत उरकला जातो, आणि ज्या कामासाठी हा माणूस लक्षात ठेवायचा, ते कामच वाचकाला कळत नाही. म्हणून पुढील क्रम सुचवीत आहे.

प्रथम एका मोठ्या कागदावर सालवार रेघ आखून त्यावर केवळ निर्विवाद तारखा मांडाव्यात. 1781 मध्ये एन्साइन (पायदळातील सर्वांत कनिष्ठ अधिकारी) म्हणून नेमणूक; पुढे 33व्या पायदळ पलटणीत बदली; कॅनडातील न्यू ब्रन्सविक येथे बराकींच्या व्यवस्थेची नोकरी आणि सरहद्दीच्या मोजणीचा पहिला अनुभव; 1790च्या दशकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आगमन; 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टणचा पाडाव; 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट येथे पायारेषेच्या, म्हणजे पुढच्या सर्व त्रिकोणांना आधार म्हणून जमिनीवर प्रत्यक्ष मोजायच्या रेषेच्या, मोजणीला प्रारंभ; 1817 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व; 1818 मध्ये त्याच्या कामाला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ (त्रिकोणमितीने केलेली महामोजणी) हे नाव आणि साहाय्यक म्हणून जॉर्ज एव्हरेस्टची नेमणूक; आणि 1823 मध्ये हिंगणघाट. जन्मवर्षाच्या जागी ‘सुमारे’ हा शब्द घालावा, कारण 1753 आणि 1756 अशी वेगवेगळी साले छापलेली आढळतात आणि त्यांतील एक निवडून ते ठामपणे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ही रेघ नुसती पाहिली तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते: मोजणीचे मुख्य काम सुरू झाले तेव्हा हा गृहस्थ पन्नाशीच्या आसपास होता.

सैनिकी कालखंडासाठी पलटणीची हजेरीपत्रके आणि पदोन्नतीच्या छापील याद्या पाहाव्यात. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असा ऐवज जतन केलेला आहे. अमेरिकेत यॉर्कटाउन येथे 1781 मध्ये इंग्रजी फौजेने पत्करलेल्या शरणागतीत तो पकडला गेला, असे अनेक चरित्रांत वाचायला मिळते. हे विधान उतरवून घेण्यापूर्वी त्या तारखेस तो कोणत्या पलटणीत होता, हे ताडून पाहावे. श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत तो जनरल बेअर्डच्या ब्रिगेडचा ब्रिगेड-मेजर, म्हणजे सेनापतीच्या हाताखाली व्यवस्था पाहणारा अधिकारी होता. रात्रीच्या कूचीत तुकडी उत्तरेऐवजी दक्षिणेकडे, म्हणजे शत्रूच्याच दिशेने चालली आहे, हे त्याने ताऱ्यांवरून ओळखले, अशी आख्यायिका नंतरच्या लेखनातून प्रसिद्ध झाली. ती अवश्य सांगावी, परंतु आख्यायिका म्हणूनच सांगावी आणि एका परिच्छेदात संपवावी. त्याच 33व्या पलटणीचा कर्नल आर्थर वेलस्ली 1803 मध्ये मराठ्यांविरुद्ध असईला लढत होता, त्या वर्षी लॅम्बटन मद्रासच्या दक्षिणेला कोन मोजत होता. दोघांच्या वाटा कोठे फुटल्या, हे मराठी वाचकाला एवढ्या एका वाक्यातून नेमके समजते.

आता मोजणीकडे वळावे आणि येथे हात आखडता घेऊ नये. लेखकाने पायारेषेची मोजणी स्वतः कागदावर करून पाहिल्याखेरीज तिच्याविषयी लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मद्रासची पायारेषा सुमारे साडेसात मैलांची होती आणि ती 100 फुटी पोलादी साखळीने मोजली गेली. म्हणजे तीच साखळी जवळजवळ 400 वेळा पुढे पुढे मांडायची. साखळी जमिनीवर टाकली जात नसे. तिपाईंवर टेकवलेल्या लाकडी पेट्यांत ती ताणून ठेवली जाई आणि शेजारी तापमापक असे. तापमापक कशासाठी, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. तापमान 10 अंश सेल्सियसने वाढले तर 100 फूट पोलाद सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांबते. इतका फरक कोणाच्या डोळ्यालाही दिसणार नाही. पण तो 400 वेळा साचला की 1 मीटर 40 सेंटिमीटरची चूक होते, आणि याच रेषेवर पुढचे सगळे त्रिकोण उभे राहणार असतात. हा हिशेब चरित्रात जसाच्या तसा द्यावा. मद्रासच्या एप्रिल-मेच्या उन्हात दर मांडणीला तापमानाची नोंद का घेतली गेली, हे त्यातून वाचकाला विशेषणांवाचून पटते.

पायारेषेनंतर साखळीचे काम थांबते आणि कोनांचे सुरू होते. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, आणि त्यांतील एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. हे तत्त्व एका आकृतीत दाखवावे. लॅम्बटनचा थिओडोलाइट (कोन मोजण्याचे यंत्र) सुमारे अर्ध्या टनाचा होता. इंग्लंडहून येताना तो घेऊन निघालेले जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले आणि मग यंत्र सन्मानाने परत पाठवले. 1808 मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना त्याचा दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे अंशांच्या खुणांचे वर्तुळ वाकले; लॅम्बटनने तंबूत बसून कित्येक आठवडे खपून ते स्वतः सरळ केले. माझ्या मते त्याच्या स्वभावाचा याहून चांगला पुरावा नाही. लेखकाला कोठे रेंगाळायचे असेल, तर श्रीरंगपट्टणच्या तटापेक्षा या तंबूत रेंगाळावे.

साधनांविषयी थोडे सांगितले पाहिजे. लॅम्बटनने स्वतः लिहिलेले मोजणीचे वृत्तांत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले. त्यांतील आकड्यांच्या तक्त्यांना घाबरून पाने उलटू नयेत, कारण मोजणीच्या ठाण्यांची (जेथून कोन मोजले त्या जागांची) नावे आणि मुक्कामांचा क्रम तेथेच सापडतो. कर्नल फिलिमोर यांनी सिद्ध केलेला सर्व्हे खात्याचा इतिहास देहरादूनहून 1945 पासून खंडशः प्रसिद्ध झाला. त्यांपैकी दुसरा आणि तिसरा हे खंड अनुक्रमे 1800 ते 1815 आणि 1815 ते 1830 या काळाचे आहेत, आणि अधिकाऱ्यांची त्रोटक चरित्रे शेवटी दिलेली आहेत. मूळ दप्तर पाहायचे असेल तर नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर आधी शोध घ्यावा. शोधताना नावाची एकच स्पेलिंग धरून बसू नये. गावांच्या बाबतीत तर जुन्या इंग्रजी कागदांतील रूपे मोठ्याने वाचल्याशिवाय ओळखूच येत नाहीत.

एक उणीव मात्र या कागदांतून भरून निघत नाही. निशाण धरून टेकडीवर दिवसेंदिवस उभे राहिलेले खलाशी (मोजणीच्या कामावरील मदतनीस), साखळी उचलणारे आणि ओझी वाहणारे लोक यांची नावे बहुधा मिळत नाहीत. मद्रासच्या मोजणी शाळेतून तयार झालेल्या जोशुआ डी पेनिंगसारख्या दुय्यम साहाय्यकांची तेवढी मिळतात. अशा वेळी कल्पनेने माणसे उभी करू नयेत. डी पेनिंगला त्याच्या कामाच्या मानाने जागा द्यावी आणि बाकीच्यांच्या कामाचे स्वरूप सांगावे. त्याचप्रमाणे ही मोजणी कोणासाठी होती, हे झाकू नये: नुकत्याच जिंकलेल्या मुलखाचा हिशेब कंपनी सरकारला हवा होता, आणि पृथ्वीच्या आकाराचे शास्त्रीय कुतूहल त्याच खर्चात भागत होते. 1823 चे हिंगणघाट नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते, पण 1818 नंतर तेथील कारभारावर इंग्रज रेसिडेंटचाच, म्हणजे दरबारातील कंपनीच्या प्रतिनिधीचाच हात होता.

शेवटी प्रत्यक्ष जागेवर जावे आणि जाताना नकाशा बरोबर न्यावा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमपद्धतीनुसार 76 ते 80 पूर्व रेखांश आणि 20 ते 24 उत्तर अक्षांश यांमधील चौकोनाला 55 हा क्रमांक आहे. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग पाडून त्यांना रोमन अक्षरे दिली जातात. हिंगणघाट त्यांतील ‘एल’ या भागात पडते. या नकाशावर 78 अंशाचे रेखावृत्त पेन्सिलीने ठळक करावे. कन्याकुमारीपासून निघालेली आणि पुढे एव्हरेस्टने 1841 पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचवलेली त्रिकोणांची मुख्य साखळी साधारणपणे त्याच्याच आसपासून जाते. हिंगणघाट या रेखावृत्ताच्या सुमारे 85 किलोमीटर पूर्वेला आहे. तेव्हा ‘लॅम्बटनने आपल्या रेषेवरच देह ठेवला’ असे वाक्य मसुद्यात आले असेल, तर ते खोडून ‘नागपूरच्या वाटेवर’ एवढेच लिहावे.