वाढत्या उंदरांचा श्वास मोजताना आधी खोलीचा पारा बघा

बडोद्यात एम.फार्म. करणाऱ्या मुलामुलींनो, त्याच उंदरांचं फुप्फुस आठवड्यामागून आठवडे तपासायचं असेल, तर बंद चेंबरमधली प्लेथिस्मोग्राफी (पेटीतल्या दाबाच्या चढउतारावरून श्वास मोजण्याची पद्धत) सोयीची. भूल नको, नळी नको, जनावर मोकळंच राहतं.

पण ह्या यंत्राला दिसतो तो दाबातला बारीकसा फरक. आत घेतलेली हवा अंगात गरम आणि दमट होते, त्यातून तो येतो. म्हणून मे महिन्यात एसी बंद पडला आणि चेंबर ३५ अंशांवर गेला, की शरीराचं तापमान नि हवेचं तापमान जवळ येतं आणि सिग्नल पार रोडावतो. फुप्फुस बिघडलं असं वाटतं, बिघडलेली असते खोली! दर वेळी चेंबरचं तापमान आणि आर्द्रता वहीत टिपाच, आणि ठरावीक हवा सिरिंजने सोडून कॅलिब्रेशन करा, म्हणजे यंत्राचं माप जुळवून घ्या. वेळही रोज तीच ठेवा; उंदीर रात्री जागा असतो. आत सोडल्यावर हुंगणं थांबेपर्यंत रीडिंग घेऊ नका.

वजन त्याच दिवशी करा. श्वासाचं आकारमान मिलिलिटरमध्येही द्या आणि वजनाच्या प्रमाणातही. आजारी पिल्लू वाळलं, तर नुसतं प्रमाण फसवं चांगलं दिसतं. बरोबरीची निरोगी भावंडं प्रत्येक वयाला हवीतच, कारण जन्मानंतरचे पहिले तीन आठवडे वायुकोश झपाट्याने तयार होत असतात.

आणि ‘पेनएच’ला (Penh, हेच यंत्र श्वासाच्या लहरीच्या आकारावरून काढतं तो आकडा) श्वासनलिकेचा रोध, म्हणजे हवेला होणारा अडथळा, म्हणून छापू नका. रोध हवा असेल तर शेवटच्या टप्प्यावर, भूल देऊन, फोर्स्ड ऑसिलेशनने (श्वासनलिकेत हवेच्या बारीक लहरी सोडून) मोजा.