गाडी ऑईल खातेय? इंजिन उघडायच्या आधी एवढं बघा

गाडीचं ऑईल कमी व्हायला लागलं की पहिला सल्ला मिळतो तो इंजिनकामाचा, रिंग-पिस्टन बदला, सिलिंडर बोअर करून घ्या. जरा थांबा. ऑईल दोनच वाटांनी जातं, एक तर बाहेर गळतं नाहीतर आत जळतं, आणि आपल्या गाडीत नेमकं काय होतंय ते घरच्या घरी आठ-पंधरा दिवसांत कळतं. ते कळेपर्यंत इंजिनाला पाना लावू देऊ नका, अगदी कळकळीने सांगतोय, कारण साध्या ओ-रिंगची (जोडातल्या रबरी रिंगची) गळती असताना वरचं हेड उतरवून ठेवलेल्या गाड्या बघवत नाहीत.

मी मुख्यतः १०० ते १२५ सीसीच्या बाईकबद्दल बोलतोय. या गाड्यांत ऑईल असतं जेमतेम लिटरभर, आणि इंजिन, गिअर, क्लच सगळ्यांचं त्याच्यावरच चालतं, त्यामुळे दोनशे-तीनशे मिली गेलं तरी ती मोठी तूट. वर बहुतेक गाड्यांना ऑईलचा लाईटच नसतो. म्हणजे ऑईलची काडी (डिपस्टिक) काढून बघितल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

काडी बघायची पण पद्धत आहे. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा, साईड स्टँडवर ऑईल एका अंगाला जातं आणि लेव्हल चुकीची दिसते. दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवा, बंद करा, परत दोन-तीन मिनिटं थांबा म्हणजे वर गेलेलं ऑईल खाली उतरतं, मग काडी काढून फडक्याने पुसा आणि परत घालताना आटे न फिरवता नुसती टेकवा, बऱ्याच बाईकला असंच असतं, तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल एकदा बघून घ्या. काही गाड्यांना काडीऐवजी खाली गोल काच असते, तिथे गाडी सरळ उभी धरून बघायचं. आता वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरा, मोबाईलमध्ये किलोमीटर लिहून ठेवा आणि ५०० किलोमीटरनंतर परत बघा. खुणेच्या वर मात्र भरू नका, जास्त झालेलं ऑईल ब्रीदर पाईपमधून एअर फिल्टरमध्ये जातं, सीलवर दाब येतो आणि धडधाकट गाडीसुद्धा ऑईल टाकायला लागते.

लेव्हल उतरली असेल तर आधी गळती शोधायची. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी थेंब दिसला तर बरंच आहे, पण नाही दिसला म्हणून गळती नाहीच असं नसतं, चालू गाडीत गळणारं ऑईल गरम इंजिनावर पसरतं आणि वाऱ्याने मागे जातं. त्यासाठी हे करा: इंजिन पूर्ण थंड असताना रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने बाहेरून स्वच्छ धुवा, फडक्याने कोरडं करा, थोडा वेळ वाळू द्या, मग साधी टाल्कम पावडर सगळ्या जोडांवर भुरभुरवा. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या. पांढऱ्या पावडरवर जिथून ओली काळपट रेघ सुरू झालेली दिसेल तिथे गळती आहे. रेघ जिथे संपते ती जागा नाही, जिथे सुरू होते ती. ऑईल खाली आणि मागे वाहतं म्हणून मूळ नेहमी ओल्या डागाच्या वर किंवा पुढे सापडतं.

सापडण्याच्या ठरलेल्या जागा म्हणजे टॅपेट कव्हरची ओ-रिंग, क्लच कव्हरचं पॅकिंग, गिअर पेडलच्या दांड्याचं सील, पुढच्या चेन स्प्रॉकेटमागचं सील आणि सगळ्यात खाली ड्रेन नट. स्प्रॉकेटपाशी जरा नीट बघा, चेनला मारलेलं वंगण उडून तिथे चिकटतं आणि गळती वाटते. खरंच सील गेलं असेल तर लगेच बदला, तिथलं ऑईल मागच्या टायरवर उडू शकतं आणि पावसात ते जिवावर बेतेल. ड्रेन नट गळत असेल तर वायसर नवा टाका, प्रत्येक ऑईल चेंजला टाकावा. नट आवळून आवळून गळती थांबवायला जाऊ नका, खालचं कव्हर अॅल्युमिनियमचं असतं, आटे जातात, आणि मग एम-सील लावून कितीही दिवस ढकलले तरी शेवटी आटे नवे करून घ्यावेच लागतात.

बाहेरून सगळं कोरडं आहे आणि तरी ऑईल कमी होतंय, मग ते जळतंय. मागून कोणाला तरी सायलेन्सर बघायला सांगा. निळसर धूर आणि जळका वास असेल तर ऑईल. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर येतो ती वाफ असते, काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जातंय. निळा धूर कधी येतो ते फार महत्त्वाचं: रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्ट करताना भपकन येऊन थांबला, किंवा कसारा घाट गिअरमध्ये उतरून आल्यावर अॅक्सिलरेटर दिला की आला, तर व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्या. हेड उतरवावं लागतं पण खर्च आटोक्यात राहतो. प्रत्येक पिकअपला धूर येत असेल, किक हलकी लागत असेल, प्लग काळा आणि ओलसर निघत असेल तर रिंगा किंवा बोअर. मेकॅनिकला कॉम्प्रेशन मोजायला सांगा, मग प्लगच्या भोकातून थोडं ऑईल टाकून परत मोजायला सांगा, आकडा चांगला वाढला तर रिंगा झिजल्या. काम काढायचंच असेल तर एवढं तपासून काढा.

ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच टाका. जाड टाकलं की कमी होणार नाही असं सांगणारे भेटतील, त्याने खरा दोष जात नाही. बाईकला डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं, म्हणजे ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचं, कारचं ऑईल टाकलं तर क्लच घसरू शकतो. स्कूटरचा क्लच कोरडा असतो म्हणून तिचं एमबी वेगळं येतं.

कारवाल्यांसाठी एक गोष्ट. डॅशबोर्डवरचा लाल ऑईलचा लाईट सहसा लेव्हल नाही, प्रेशर दाखवतो. तो पेटला म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑईल पोचत नाहीये, तेव्हा पुढच्या पंपापर्यंत जाऊ असा विचार करू नका, बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. गाडीखाली बघा, स्पीडब्रेकरला लागून चेंबर (इंजिनाखालची ऑईलची टाकी) फुटला असेल तर ऑईल सांडलेलं दिसेल, तिथून गाडी टो करूनच न्यायची. गळती नसेल तर दहा मिनिटांनी काडी बघा, कमी असेल तर भरा. आपला ब्रँड नाही मिळाला तर त्याच ग्रेडचं दुसऱ्या कंपनीचं टाकलं तरी चालतं. भरल्यावर स्टार्ट करून काही सेकंदात लाईट गेला नाही तर परत बंद करा आणि टोइंगवाल्याला फोन लावा.